थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी आभार कुणाचे मानायचे?

ओसरी (बॉस्टनजवळ)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे, इथे मोकळेपणाने विचारते.

यंदा थँक्सगिव्हिंग, इथला अमेरिकेतला आभाराचा सण, २७ नोव्हेंबरला आहे आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही नेमका त्याच दिवशी. सासूबाई साताऱ्याहून आल्यात. त्या महालक्ष्मीचा घट मांडणार. दिवसभर उपास, संध्याकाळी कहाणी वाचून नैवेद्य दाखवला की मगच जेवण. आणि शेजारच्या आजीआजोबांनी दुपारी तीनला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय. दरवर्षी बोलावतात. माणसं फार मायेची. आम्ही नवीन होतो त्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ आजोबांनीच न सांगता उपसून दिला होता.

वेळेचं जमवू काहीतरी. मला विचारायचंय ते वेगळंच. त्यांच्याकडे जेवणाआधी सगळे हातात हात धरतात, आजोबा प्रार्थना म्हणतात, मग प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं. मी दरवर्षी तब्येत, मुलं, नोकरी असं म्हणते. त्यात खोटं काही नसतं. पण मी हे कुणाला सांगतेय, तेच मला कळत नाही. आजोबांना ते पक्कं ठाऊक असतं. डोळे मिटून बोलतात तेव्हा कुणीतरी ऐकतंय याची खात्री त्यांच्या आवाजातच असते. सासूबाईही घटासमोर बसल्या की घरातल्या थोरल्या बाईशी बोलावं तशा लक्ष्मीशी बोलतात. माझं मात्र तसं होत नाही, आणि दोघांच्या मधोमध बसून नुसती यादी वाचल्यासारखं बोलायचं आता जिवावर येतं.

मुलगा चौथीत आहे, शाळेत इथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांवर धडा चाललाय. तो घरी येऊन जे सांगतो त्यामुळे मी आणखीच अडखळते. हा सण मुळात कुणी, कुणाचे आभार मानायला सुरू केला? ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा. आणि तुमच्या घरी काय करता तेही.

मावळतकर (न्यू जर्सी)

ओसरी, आधी वेळेचं सांगते, कारण सासूबाई उपाशी बसल्या तर तुझं लक्ष दुसऱ्या कशातच लागणार नाही. शेजारणीला आजच सांगून ठेव की आईंचा उपास आहे. तिकडच्या वयस्कर चर्चवाल्या माणसांना उपास फार लवकर समजतो, आमचा तरी तसा अनुभव आहे. रताळी त्यांच्याकडे असणारच, ती उपासाला चालतात. फक्त त्यांवर मार्शमेलो घालून भाजतात, त्यात जिलेटिन असतं, ते जनावरांपासून काढतात. दोन रताळी नुसती ठेवायला सांग. क्रॅनबेरी सॉस घरचा असेल तर फळ आणि साखर, दुसरं काही नसतं. घट सकाळी मांडून निघायचं आणि अंधार पडायच्या आत घरी येऊन आरती करायची. तुमच्याकडे आता सव्वाचारच्या सुमाराला मावळतं, त्यामुळे फार वेळ बसू नका.

प्रार्थनेचं म्हणशील तर आमच्या गावात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात चर्च, सिनेगॉग, मशीद, गुरुद्वारा आणि देऊळ मिळून एक सभा होते. आम्ही बायका तिथे ‘वदनि कवळ’ म्हणतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एका ज्यू आजोबांनी नंतर येऊन अर्थ विचारला आणि त्यांच्यात जेवण झाल्यावर म्हणायची मोठी प्रार्थना असते ती मला समजावून सांगितली. मला वाटतं, अन्नासमोर हात जोडले की ज्याला पोचायचं त्याला पोचतं. देवाचं नाव कुणी कोणतंही घेवो.

जुनेकागद (प्लिमथ)

मी प्लिमथमध्येच राहतो, या विषयाचं वाचन बरंच झालंय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

१६२० च्या डिसेंबरात इंग्लंडहून वस्ती करायला आलेली मेफ्लॉवर जहाजाची माणसं इथे उतरली. जहाजावर १०२ प्रवासी होते, पहिल्या हिवाळ्यानंतर साधारण निम्मे उरले. त्यांनी जिथे घरं बांधली ती जागा रिकामी होती, कारण तिथलं पटुक्सेट नावाचं वाम्पानोआग गाव १६१६ ते १६१९ च्या साथीत मरून गेलं होतं. आधीच साफ केलेली शेतं त्यांना आयती मिळाली. त्या गावातला तिस्क्वांटम नावाचा माणूस वाचला तो केवळ गावात नव्हता म्हणून. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तिथून तो इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये परत आला, तोवर घरी कुणी उरलं नव्हतं. मक्याच्या बियाण्याबरोबर जमिनीत मासे घालायचे, हे त्यानेच या नव्या लोकांना शिकवलं. स्वतःच्या मेलेल्या गावाच्या जमिनीत.

१६२१ च्या सुगीनंतर जे जेवण झालं त्याचं वर्णन त्या वस्तीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे, डिसेंबर १६२१ चं पत्र. तीन दिवस खाणंपिणं चाललं. वाम्पानोआगांचा प्रमुख औसमेक्विन, ज्याला मॅसॅसॉइट म्हणतात, तो सुमारे ९० माणसं घेऊन आला होता आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. म्हणजे ताटातला मोठा वाटा पाहुण्यांचाच. प्लिमथच्या माणसांनी मात्र या तीन दिवसांना थँक्सगिव्हिंग म्हटलेलं नाही. त्यांच्या धर्मात आभाराचा दिवस म्हणजे देवळात बसून प्रार्थना करायचा गंभीर दिवस. मेजवानी ही सुगीची.

पुढे काय झालं तेही त्याच कथेचा भाग आहे. मॅसॅसॉइटच्या मुलाने, मेटाकॉमने, १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलं. १६७६ मध्ये तो मारला गेला आणि त्याचं डोकं याच प्लिमथमध्ये खांबावर वीस वर्षांहून जास्त काळ टांगून ठेवलं. बापाने जिथे जेवणाला हरणं आणली, त्याच गावात.

म्हणून १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला इथल्या कोल्स हिलवर मॅसॅसॉइटच्या पुतळ्यापाशी मूळनिवासी लोक जमतात आणि शोकदिन पाळतात. त्या वर्षी जहाज आल्याला ३५० वर्षं झाली म्हणून समारंभ होता. वाम्पानोआगांपैकी वामसुट्टा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं, भाषण आधी वाचायला मागितलं आणि ते करू दिलं नाही. मग ते टेकडीवर बोलले. मी दरवर्षी दुपारी तिथे जाऊन मागे उभा राहतो. पुष्कळजण त्या दिवशी उपाशी असतात. ताई, तुमच्या सासूबाईंच्या उपासाचं वाचलं तेव्हा मला आधी तीच माणसं आठवली.

उघडाडोळा (रॅली, नॉर्थ कॅरोलिना)

मी देव मानत नाही. तरीही हा दिवस मला वर्षातला सगळ्यात खरा सण वाटतो, म्हणून लिहितोय.

मावळतकर ताई, ‘ज्याला पोचायचं त्याला पोचतं’ हे मला मान्य नाही. पोचत नाही. देशातली सगळ्यात जास्त रताळी आमच्या राज्यात होतात. ऑक्टोबरात गावाबाहेर गेलात तर दिसेल. ट्रॅक्टर सरी उलटत पुढे जातो आणि त्याच्या मागे माणसं ओणवी होऊन दोन्ही हातांनी रताळी उचलतात, माती झटकतात, बादलीत टाकतात. यंत्राने उचलली तर साल खरचटतं आणि साल खरचटलं की माल टिकत नाही, म्हणून हे काम अजून हातानेच चालतं. भरलेली बादली खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत जवळजवळ पळत जायचं, वर उभ्या असलेल्या माणसाकडे फेकायची, रिकामी झेलायची, परत सरीवर. यातले बहुतेक मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर आलेले, बायकामुलं गावी. थँक्सगिव्हिंगला आपण जेवत असतो तेव्हा कितीजण परतीच्या बसमध्ये असतात.

जेवणाआधी देवाचे आभार मानले की या माणसांचे मानायचे राहून जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. आभार मोठ्या पत्त्यावर पाठवले की मधल्या सगळ्यांना वगळता येतं. आमच्या घरी त्या दिवशी आम्ही ताटातल्या प्रत्येक जिनसेचं नाव घेतो आणि ती कुठून, कुणाच्या हातून आली असेल ते मुलांना सांगतो. शेतमजुरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला त्याच दिवशी पैसे पाठवतो. आमची प्रार्थना हीच.

परतवाट

सगळं वाचतोय. मला यंदा कुणाचेच आभार मानवत नाहीत हे लिहायचं होतं.

ऑक्टोबरात नोकरी गेली. एचवनबीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहे, ६० दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. मुलगी इथेच जन्मली, किंडरगार्टनमध्ये जाते. तिने शाळेतून हाताच्या पंजाचा टर्की पक्षी काढून आणलाय, प्रत्येक बोटावर ‘मी कृतज्ञ आहे’ म्हणून एकेक गोष्ट. एका बोटावर ‘आमचं घर’ लिहिलंय. तो फ्रिजवर लावलाय आणि मी स्वयंपाकघरात जायचं टाळतो.

मित्रांनी जेवायला बोलावलंय. तिथेही सगळे एकेक करून सांगणार. माझी पाळी आली की काय बोलू?

जुनेकागद

परतवाट, तुमच्यासाठी एक गोष्ट सांगतो. हा दिवस सबंध देशाचा झाला तो सुखाच्या वर्षात नाही.

सारा हेल नावाची विधवा बाई होती, मासिकाची संपादक. पाच मुलांची आई. कित्येक वर्षं ती राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत होती की सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी आभार मानावेत. वॉशिंग्टनने १७८९ मध्ये एकदा तसा दिवस जाहीर केला होता, जेफरसनने तर सरकारने प्रार्थनेत पडूच नये म्हणून नकार दिला होता. शेवटी लिंकनने ऐकलं, ३ ऑक्टोबर १८६३ ला. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. गेटिसबर्गची लढाई होऊन तीन महिने झाले होते, घराघरांत माणूस गेलेला. त्या जाहीरनाम्यात पिकं चांगली आल्याचं आहे, पण पुढे असंही आहे की आभार मानताना आपल्या राष्ट्राच्या वाकडेपणाबद्दल नम्रपणे पश्चात्तापही करावा, आणि जे विधवा, अनाथ, शोकग्रस्त झालेत त्यांना देवाच्या हाती सोपवावं.

म्हणजे ज्याला आभार मानवत नाहीत त्यालाही त्या कागदात जागा आहे. १९३९ मध्ये रूझवेल्टने दुकानदारांसाठी हा दिवस आठवडाभर अलीकडे ओढला, १९४१ च्या कायद्याने तो नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला. आजचं खरेदीचं रूप नंतरचं आहे. तुमची पाळी आली की ‘यंदा मला जमत नाही’ एवढंच म्हणा. खरे मित्र असतील तर पुढचं तेच बोलतील.

काळीरान (मूळ लातूर, सध्या ह्यूस्टन)

परतवाट दादा, रेझ्युमे मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्याकडे दोन जागा निघाल्यात, तुमच्या कामाच्या आहेत का ते बघतो. हे आधी.

आता धाग्याबद्दल. आमच्या लातूर-धाराशिवकडं थँक्सगिव्हिंगसारखा सण म्हणजे येळवस, वेळ अमावास्या. मार्गशीर्षाची अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर दुपारी ओस पडलेलं असतं, सगळी माणसं रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच पांडव मांडायचे. पांडव म्हणजे चुना लावलेले दगड. त्यांना भज्जी (म्हणजे ओले दाणे आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी), उंडे, खीर, आंबिलाचा निवद दाखवायचा. मग ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकावर आंबिल शिंपडत रानाला फेरी मारायची. नंतर ज्याला रान नाही त्यालाही बोलवून जेवू घालायचं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवतात.

यात एक गोष्ट बघा. थँक्सगिव्हिंग होतं ते पीक घरात आल्यावर. येळवशीला आमचं रब्बीचं पीक रानात उभं असतं. हरभरा फुलात, ज्वारी निसवायची. अजून हातात काही आलेलं नसतं. अवकाळी येऊ शकतो, धुकं पडू शकतं, भाव पडू शकतो. तरी आधी जेवू घालायचं ते जमिनीला. उघडाडोळा दादा, मजुराचं नाव घ्यावं हे तुमचं सोळा आणे खरं. पण देव काढून टाकल्यावरच माणूस दिसतो, हे मला पटत नाही. आमच्या आजीनं पांडवांपुढं हात जोडले की लगेच वळून खुरपायला येणाऱ्या बायकांच्या ताटात पहिली भज्जी वाढायची. तिच्या लेखी ती एकच पूजा होती.

२०१५ च्या दुष्काळात आमच्या रानात रब्बी पेरलीच नव्हती. येळवशीला वडील तरी रानात गेले, नुसत्या काळ्या ढेकळांवर आंबिल शिंपडलं. मी फोनवर चिडलो होतो, प्यायला पाणी नाही आणि हे काय. पुढं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत टाकीचे दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्या घरात येळवशीला निवद दाखवताना वडील मिरजेचं नाव घेतात. पांडव, काळी आई, आणि मिरजकर. ते काही विचार करून ठरवलेलं नाही, त्यांच्या तोंडातून ते तसंच येतं.

यंदाच्या सप्टेंबरात पुरानं सोयाबीन गेलं. मांजरा नदीकडची आमची पट्टी वरची माती घेऊन खरडून गेली. वडिलांना विचारलं येळवस करणार का. म्हणाले, माती गेली म्हणून काय तिचं जेवण बंद करायचं?

मीठागर (मडगाव)

आमच्या सासष्टीत रायच्या चर्चचं कणसांचं फेस्त ५ ऑगस्टला असतं. पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं विळ्याने कापतात, आशीर्वाद देतात आणि ती घरोघर जातात. आमच्या शेजारच्या कॅथलिक घरी ती क्रूसापाशी ठेवतात. आम्ही हिंदू चवथीच्या वेळी नवें, म्हणजे नवी कणसं, आणतो, ते गणपतीपुढे आणि मग दाराला. शेत बहुतेक वेळा एकाच बांधावरचं असतं. ओसरीताई, तुमच्या शेजारच्या आजोबांच्या आणि सासूबाईंच्या मधोमध बसणं मला तरी अवघड जागा वाटत नाही, मी जन्मभर तिथेच बसलोय.

उघडाडोळा

काळीरान, मिरजेचं वाचून थांबलो. तुमच्या वडिलांसारखं नाव घेणारा देवभक्त असेल तर माझी तक्रार नाही. ज्यांच्याकडे ‘देवाची कृपा’ एवढ्यावर भागतं, त्यांच्याबद्दल ती राहील.

याच मुद्द्याचं आणखी एक सांगतो. जुनेकागद यांनी वाम्पानोआगांचं सांगितलं. न्यूयॉर्क राज्यात हौडेनोसौनी हे मूळनिवासी लोक आहेत, त्यांच्यात कुठल्याही सभेच्या आधी एक आभाराचं भाषण होतं. वर्षातून एकदा नाही, प्रत्येक वेळी. आधी जमलेल्या माणसांचे आभार, मग धरती, पाणी, मासे, रोपं, खायची पिकं, औषधी झाडं, जनावरं, वृक्ष, पक्षी, वारे, गडगडणारे मेघ, सूर्य, चंद्र, तारे, आणि शेवटी निर्माता. प्रत्येकानंतर सगळे मिळून म्हणतात की आता आपली मनं एक झाली. निर्माता सगळ्यात शेवटी येतो, तोपर्यंत एकही वगळलेला नसतो. मी नास्तिक असून मला ते पूर्ण म्हणता येतं, शेवटच्या ओळीला गप्प राहतो आणि बाकीच्यांचं ऐकतो.

परतवाट

काळीरान दादा, निरोप पाठवलाय. सगळ्यांना नीट उत्तर द्यायची मनःस्थिती नाही, पण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. जेवायला जाणार आहे.

ओसरी

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. रात्री सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. काळीरान यांच्या वडिलांचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते परत वाचायला लावलं.

शेजारच्या आजींशी बोलले. दोन रताळी बिनामार्शमेलोची ठेवणार आहेत, आणि जेवण दोनला घेऊ म्हणाल्या, म्हणजे आम्हाला आरतीला वेळेत परतता येईल. प्रार्थनेचंही विचारलं. मी म्हटलं, यंदा माझ्या पाळीला मला जरा जास्त वेळ लागेल, चालेल ना? मला नावं घ्यायची आहेत. ज्यांच्या जमिनीवर आपण बसलोय त्या वाम्पानोआगांचं, तिस्क्वांटमचं, रताळी उचलणाऱ्यांचं, दारातला बर्फ काढणाऱ्या आजोबांचं. आणि शेवटी सासूबाईंच्या लक्ष्मीचंही, कारण या घरात तिच्याशी कुणीतरी रोज बोलतं आणि त्याचा आधार मला मिळतो. मेटाकॉमचं त्या टेबलावर बोलायचं की नाही यावर रात्री नवऱ्याशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, पाहुण्याने यजमानाच्या घरी सणाला असं बोलू नये. माझं म्हणणं, आजोबांना ते ऐकायची ताकद आहे. जेवणानंतर मुलाच्या धड्याच्या निमित्ताने तो विषय काढायचा असं ठरलंय. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी आहे, मुलाला घेऊन कोल्स हिलला जाऊ. जुनेकागद, शोकदिन संपलेला असेल, पण तुम्ही आलात तर त्याला नीट सांगाल.

काळीरान दादा, येळवशीला भज्जी आणि आंबील करायचं सासूबाईंनी मनावर घेतलंय. इथे ओल्या तुरीच्या शेंगा मिळत नाहीत आणि आमचं घर थंड, आंबील आंबेल का?

जुनेकागद

येतो. सकाळी दहाला पुतळ्यापाशी. वारा फार असतो, मुलाला कानटोपी घाला.

काळीरान

आंबतं ताई. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी दुपारीच ताकात कालवून ठेवा, ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावायचा आणि पातेलं झाकून आत. सकाळी बुडबुडे दिसले की उकळत्या पाण्यात ओतून ढवळत शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. निवलं की वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. पातळच असू द्या, शिंपडायचं असतं ते.

भज्जीला देशी दुकानात फ्रोझन तुरीचे आणि पावट्याचे दाणे मिळतात, मटार आणि ओला हरभराही मिळतो. मेथी, पालक, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, वरून बेसन लावून घट्ट करायची. चार माणसांची करू नका, ती कधी चार माणसांची होत नाही. शेजारच्या आजीआजोबांना बोलवा.